हुर्यो कुणाची, केव्हा आणि कशासाठी?

‘हुर्यो’ हा मराठीतला मोठा बोलका शब्द आहे. नुसता उच्चारला तरी मैदानातला गलका कानात घुमतो. हुर्यो उडवणं म्हणजे दहाजणांनी मिळून एखाद्याची जाहीर टवाळी करणं. संवाद विसरलेल्या नटाची हुर्यो उडते, भाषणात अडखळलेल्या वक्त्याची उडते आणि हातातला सोपा झेल सोडणाऱ्याची तर उडतेच. समोरच्या संघाची हुर्यो उडवण्यात नवल काही नाही, ती खेळाइतकीच जुनी आहे. पण आपलाच संघ वाईट खेळत असेल, एकामागून एक सामने हरत असेल, तर आपण त्याची हुर्यो उडवावी का? विषय आवाजाचा आहे, तेव्हा रेडिओवर त्याची चर्चा करणं योग्यच म्हणायचं.

युरोपातल्या फुटबॉल मैदानांवर हा वाद दर हंगामात रंगतो. मध्यंतराची शिट्टी झाली आणि आपला संघ दोन गोलांनी मागे असला, की स्वतःच्याच खेळाडूंना उद्देशून ‘बू’ असा आवाज उठतो. आपल्या मुंबई-ठाण्याकडे मात्र हा प्रश्न जोरात पुढे आला तो क्रिकेटच्या मैदानावर, २०२४ साली.

घटना बहुतेकांच्या स्मरणात असेल. मुंबई इंडियन्सला पाच वेळा आयपीएल जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी डिसेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्याला कर्णधार नेमलं गेलं. चाहत्यांना ते पटलं नाही. रोहित हा आपल्या भागाच्याही जिव्हाळ्याचा. तो वाढला बोरिवलीला, आजोबा आणि काकांकडे. पण आईवडील राहायचे डोंबिवलीत आणि त्यांना भेटायला तो सुट्टीच्या दिवशी डोंबिवलीला यायचा. त्यामुळे इथल्या अनेकांना तो निर्णय घरच्या माणसावर झालेल्या अन्यायासारखा वाटला.

१ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर त्या मोसमातला मुंबईचा घरच्या मैदानावरचा पहिला सामना होता, राजस्थान रॉयल्सविरुद्ध. नाणेफेकीसाठी हार्दिक आला आणि सगळं स्टेडियम त्याच्यावर ओरडू लागलं. नाणेफेकीचं सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकर यांनी प्रेक्षकांना ‘नीट वागा’ असं माईकवरून सुनावलं, तरी गलका थांबला नाही. पुढे मुंबईची अवस्था ४ बाद २० झाली. हार्दिकने त्यातून २१ चेंडूंत ३४ धावा काढल्या, पण मुंबईला १२५ धावांवर थांबावं लागलं आणि सामना हातचा गेला. दहा दिवसांनी, बंगळुरूविरुद्धच्या सामन्यात, प्रेक्षकांना आवरायला शेवटी प्रतिस्पर्धी संघातला विराट कोहली पुढे आला. हार्दिक हा भारताचा खेळाडू आहे, त्याला प्रोत्साहन द्या, असं त्याने खुणांनी सुचवलं. मुंबईने त्या वर्षी १४ पैकी ४ सामने जिंकले आणि संघ तळाला, दहाव्या क्रमांकावर राहिला.

या हुर्योमुळेच मुंबई हरली, असा निष्कर्ष काढणं चुकीचं ठरेल. संघ हरण्याला गोलंदाजीपासून दुखापतींपर्यंत अनेक कारणं असतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही हुर्यो नाणेफेकीलाच उडाली, म्हणजे त्या दिवशीचा एकही चेंडू पडण्यापूर्वी. तेव्हा ती खेळाबद्दल नव्हती. ती एका निर्णयाबद्दल होती आणि तो निर्णय घेणारे लोक मैदानावर नव्हतेच.

आता प्रेक्षकाचीही बाजू ऐकली पाहिजे, कारण ती कमजोर नाही. कल्याण-डोंबिवलीहून वानखेडेला जाणारा माणूस काय काय करतो ते पाहा. तिकिटाचे पैसे मोजतो, कामावरून लवकर निघतो, गर्दीच्या गाडीने दादर गाठतो, तिथे पश्चिम रेल्वेची गाडी पकडतो. सामना संपल्यावर परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून धावतो आणि मध्यरात्र उलटून गेल्यावर घरी पोचतो. एवढं करणाऱ्याने गळा काढायचा तो फक्त जयजयकाराला, ही अपेक्षा जरा अतीच आहे. नाटक रंगलं नाही तर प्रेक्षक गप्प बसतो किंवा उठून जातो. मैदानावरच्या प्रेक्षकाला नाराजी दाखवायला दुसरं साधन तरी काय आहे? क्लबच्या बैठकीत त्याला कोणी बोलावत नाही, संघनिवडीत त्याचं मत कोणी विचारत नाही. त्याच्याकडे फक्त घसा असतो. शिवाय राग तिथेच येतो जिथे माया असते. ज्या संघाशी आपलं काही देणंघेणं नाही, त्याच्या पराभवाने आपल्याला झोप लागायची थांबत नाही.

म्हणजे रागवण्याचा हक्क मान्य. प्रश्न उरतो तो त्या रागाने काय घडतं याचा.

सरावलेला खेळाडू चेंडू अडवतो, पास देतो, तेव्हा तो प्रत्येक हालचालीचा विचार करत नसतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने शरीर ते आपोआप करतं. ठाणे स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या आपण रोज धावत उतरतो, तसंच हे. मात्र एखाद दिवशी प्रत्येक पायरीवर पाऊल कसं पडतंय याकडे लक्ष द्यायला लागलो, तर अडखळायला होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बॉमायस्टर यांनी १९८४ साली प्रयोगांतून हेच दाखवलं होतं : दडपणाखाली माणसाचं लक्ष कामावरून उडून स्वतःवर जातं आणि अंगवळणी पडलेलं कौशल्यही बिघडतं.

फुटबॉलमध्ये तर याचा परिणाम उघड दिसतो. आपल्याच प्रेक्षकांच्या हुर्योला घाबरलेला खेळाडू धोका पत्करत नाही. पुढे घुसून पास देण्याऐवजी तो चेंडू मागे, आडवा, सुरक्षित ठिकाणी ढकलतो. काहीजण तर चेंडू आपल्याकडे येऊच नये अशा जागी जाऊन उभे राहतात. चूक झाली नाही म्हणजे मिळवली, हा विचार एकदा डोक्यात शिरला की गोल कुठून होणार? मग प्रेक्षक आणखी चिडतात, खेळाडू आणखी आखडतात.

आवाजाचा परिणाम फक्त खेळाडूंवर होतो असंही नाही. इंग्लंडमधल्या ॲलन नेव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी ४० पंचांना लिव्हरपूल आणि लेस्टर यांच्यातल्या एका सामन्यातल्या ४७ झटापटी चित्रफितीवर दाखवल्या आणि कोणत्या फाऊल आहेत ते विचारलं. काही पंचांना प्रेक्षकांचा आवाज ऐकवला, उरलेल्यांना आवाज बंद ठेवून चित्रं दाखवली. ज्यांनी आवाज ऐकला, त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिल्या. पुढे २०२० मध्ये करोनाच्या काळात युरोपातले सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले, तेव्हा घरच्या मैदानाचा फायदा घटल्याचं अनेक अभ्यासांत दिसून आलं. पाहुण्या संघाला मिळणारी पिवळी कार्डंही कमी झाली. म्हणजे प्रेक्षकांचा गलका हे यजमान संघाचं खरोखरीचं हत्यार आहे. ते आपल्याच संघावर रोखलं, तर फायदा कुणाचा होणार हे सांगायला नको.

मग प्रेक्षकाने काय, तोंड मिटून बसायचं? याचं उत्तर एका फुटबॉलपटूनेच देऊन ठेवलं आहे आणि तेही मुंबईतच. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरीनात चार देशांची स्पर्धा होती. १ जूनला भारताने चायनीज तैपेईला ५-० असं हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. पण ते पाहायला आले होते जेमतेम अडीच हजार लोक. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून एक आवाहन केलं, त्याची चित्रफीत देशभर फिरली. त्याच्या बोलण्याचा मथितार्थ असा की आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानावर येऊन द्या. कोण जाणे, उद्या आम्ही तुमचं मत बदलूही. ४ जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली. ठाणे-डोंबिवलीची पोरं घाटकोपरला उतरून मेट्रोने आझादनगर गाठू शकत होती, आणि त्या रात्री स्टेडियम भरलं. छेत्रीचा तो शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. भारत ३-० असा जिंकला, त्यातले दोन गोल छेत्रीचे.

यातली गंमत अशी की छेत्रीला हुर्योची भीती वाटत नव्हती. त्याला भीती वाटत होती रिकाम्या खुर्च्यांची. हुर्यो उडवणाऱ्याला निदान काहीतरी वाटत असतं. खेळाचा शेवट होतो तो कोणालाच काही वाटेनासं झाल्यावर. तेव्हा नाराज प्रेक्षक ही संघाची ठेव आहे, हे संघांनीही ओळखलं पाहिजे. पण ठेव नीट वापरायची जबाबदारी आपलीही आहे. त्यासाठी ओरडण्याआधी तीन साधे प्रश्न स्वतःला विचारावेत.

पहिला प्रश्न, केव्हा? खेळ चालू असताना खेळाडूला मदत लागते, न्यायनिवाडा नको असतो. परीक्षेचा पेपर लिहीत असलेल्या मुलाच्या मागे उभं राहून आपण ‘चुकलं, चुकलं’ असं ओरडत नाही. निकालानंतर बोलायला आहेच वेळ. सामना संपल्याची शिट्टी झाली, की नाराजी जरूर व्यक्त करावी.

दुसरा प्रश्न, कशाबद्दल? पराभव वेगळा आणि अंगचोरपणा वेगळा. जीव तोडून धावून हरलेल्या संघाला टाळ्याच मिळायला हव्यात. ज्यांनी धावायचे कष्टच घेतले नाहीत, त्यांना आपली नाराजी कळायला हरकत नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर २१ चेंडूंत एक धाव करून बाद झाला, तेव्हा याच वानखेडेवर काही प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती. सचिनने प्रयत्नांत कसर ठेवली, असं त्याचे टीकाकारही म्हणणार नाहीत. ती हुर्यो होती आपल्या अपेक्षाभंगाची. आणि राग खेळावरून घसरून माणसाच्या जातीधर्मावर, घरादारावर गेला, की ती हुर्योही राहत नाही. २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला, तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला होता. तो सरळ सरळ गुन्हा होता.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कुणाला? खेळाडू समोर असतो म्हणून मार त्यालाच बसतो. पण संघ कोणी बांधला, प्रशिक्षक कोणी बदलला, तिकिटांचे दर कोणी ठरवले? ही माणसं मैदानावर दिसत नाहीत. योग्य पत्त्यावर पोचलेला राग काय करू शकतो, याचं एक उदाहरण ताजं आहे. १८ एप्रिल २०२१ रोजी युरोपातल्या बारा बड्या फुटबॉल क्लबांनी स्वतःची वेगळी ‘सुपर लीग’ जाहीर केली. इंग्लंडमधल्या सहा क्लबांचे चाहते खवळले. पण त्यांनी खेळाडूंना दोष दिला नाही. त्यांचा सगळा रोख मालकांवर होता. चेल्सीच्या मैदानाबाहेर तर चाहत्यांनी रस्ता अडवला. दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. विरोध एवढा परिणामकारक झाला, कारण तो निर्णय घेणाऱ्यांच्या दारात झाला होता.

वानखेडेवर २०२४ साली नेमका हाच पत्ता चुकला होता. रागाला कारण नव्हतं असं नाही, पण कर्णधार बदलणाऱ्यांना त्याची झळ फारशी लागली नाही. ती लागली नेमलेल्या माणसाला. आणि त्याच वर्षी २९ जूनला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला शेवटच्या षटकात १६ धावा हव्या असताना चेंडू हार्दिकच्याच हातात होता. भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला विजयी संघ वानखेडेवर आला, तेव्हा त्याच प्रेक्षागृहातून हार्दिकच्या नावाचा गजर झाला. जिंकल्यावर गजर करणं सोपं असतं. एप्रिलमध्ये तसा आधार दिला असता, तर त्याला खरी पाठराखण म्हणता आलं असतं.

आपल्यापैकी फार थोडेजण वानखेडेवर किंवा अंधेरीला जातात. पण ठाण्यापासून कल्याणपर्यंत शाळांची मैदानं, टर्फ, सोसायट्यांचे सामने दर रविवारी भरलेले असतात आणि कडेला आईबाबा उभे असतात. दहा वर्षांच्या गोलरक्षकाच्या पायांमधून चेंडू गेला, की कडेवरून जो पहिला आवाज येतो, तो त्याला पुढची अनेक वर्षं ऐकू येत राहतो. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात, ते याचसाठी. कुठे, किती आणि केव्हा टोचायचं हे त्याला ठाऊक असतं, म्हणून दुखलं तरी कान पिकत नाही. प्रशिक्षकाला त्याचं काम करू द्यावं. कडेला उभ्या असलेल्याने फक्त एवढंच म्हणावं, ‘जाऊ दे, पुढचा अडव.’