बर्फातला बोअर: भोक नको, गाभा हवा

बोअरवेलची गाडी आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे. रात्रभर धडधड चालते, खडकाचा चुरा हवेच्या दाबाने बाहेर उडतो आणि सकाळी आपण एवढंच विचारतो, पाणी लागलं का? चुऱ्याचं काय झालं, हे कुणी विचारत नाही. आज आपण ज्या बोअरबद्दल बोलणार आहोत, तिथे नेमकं उलटं आहे. तिथे भोकाला फारशी किंमत नाही. भोकातून जे निघालं ते महत्त्वाचं, आणि तेही अखंड, क्रम न बिघडता वर यायला हवं.

हे काम कोपनहेगन विद्यापीठाची नील्स बोर संस्था गेली कित्येक दशकं ग्रीनलंडमध्ये करते आहे. सुरुवात विली डान्सगार्ड या शास्त्रज्ञापासून झाली. पावसाच्या पाण्यातल्या जड ऑक्सिजनचं प्रमाण तापमानानुसार बदलतं, हे त्यांनी दाखवलं. मग प्रश्न आला: ग्रीनलंडवर दरवर्षी पडणारं हिम थरावर थर साचत जातं, तर जुन्या थरांतून जुनं तापमान वाचता येईल का? १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी कॅम्प सेंच्युरी इथे बर्फाच्या तळापर्यंत बोअर नेला होता. त्या गाभ्यावर डान्सगार्ड यांनी हे करून दाखवलं. पण पुढचा गाभा हवा तर ड्रिलही हवं. तेव्हा कोपनहेगनच्या गटाने स्वतःचं ड्रिल बनवलं, ‘इस्तुक’. १९८१ मध्ये डाय-३ इथे ते २,०३७ मीटरवर तळाला पोहोचलं.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू. इथे बोअरवेलसारखे एकाला एक जोडलेले लोखंडी रॉड नसतात. एका केबलला लांब नळकांडं टांगलेलं असतं. मोटर त्यातच बसवलेली. खालच्या टोकाला पाती असतात, ती गोल फिरून बर्फात कडं कापतात आणि मधला दांडा नळीत सरकत जातो. मग प्रश्न असा, की केबलला टांगलेलं यंत्र स्वतःच का गरगरत नाही? त्यासाठी वरच्या भागात ट्रकच्या पाट्यांसारखे पोलादी पाटे असतात. ते भोकाच्या भिंतीला घट्ट टेकून राहतात. नळी भरली की केबल वर ओढायची. आतले दाते गाभ्यात रुततात आणि गाभा तुटून वर येतो. एका खेपेला जेमतेम दोन-तीन मीटर! खोली वाढली की एवढ्यासाठी प्रत्येक वेळी दोन-अडीच किलोमीटर खाली जायचं आणि परत वर यायचं.

दुसरी अडचण भोकाचीच. प्रचंड दाबाखाली बर्फ हळूहळू वाहतं. भोक रिकामं ठेवलं तर ते मिटत जातं. म्हणून त्यात न गोठणारं आणि बर्फाइतक्याच घनतेचं द्रव भरून ठेवावं लागतं. पूर्वी रॉकेलसारखं तेल आणि घनता वाढवणारं रसायन वापरत. नंतर ‘नीम’ या ठिकाणी (कडुनिंबाशी संबंध नाही!) खोबरेलापासून बनवलेलं एक द्रव वापरलं गेलं. कोकणातल्या माणसाला गंमत वाटेल, पण खरी गोष्ट आहे.

एवढं करूनही गाभा सुखरूप येईलच असं नाही. काही खोलीवर बर्फातले हवेचे बुडबुडे इतके दाबलेले असतात, की वर आल्यावर गाभा तडकतो. असे तुकडे तिथेच थंडीत वर्षभर निवांत ठेवतात आणि मग हात लावतात.

खरा पेच तळाशी आहे. सगळ्यात जुनं बर्फ तिथेच, आणि जमिनीची ऊब लागून ते मऊ झालेलं असतं. पाती तिथे चिकटतात. शिवाय थर दुमडलेले असू शकतात. ‘ग्रिप’ या बोअरमध्ये, १९९२ साली, ३,०२९ मीटरचा गाभा मिळाला. जवळच्याच अमेरिकी गाभ्याशी तो जुळवला, तेव्हा तळाकडचे थर जुळेनात. म्हणून ‘नॉर्थग्रिप’ सुरू झालं. तिथे १९९७ मध्ये ड्रिल सुमारे १,३७० मीटरवर अडकलं ते कायमचंच. शेजारी नवं भोक सुरू केलं आणि २००३ मध्ये ३,०८५ मीटरवर तळ गाठला. पण तिथे तळाचं बर्फ वितळत होतं, म्हणजे सर्वांत जुनी पानं गळून गेलेली. मग ‘नीम’. २०१० मध्ये तळ लागला. इथेही थर दुमडलेले होते, पण बुडबुड्यांतल्या वायूंच्या मदतीने ते पुन्हा क्रमाने लावता आले.

हा एवढा खटाटोप कशासाठी? सुमारे १,२६,००० वर्षांपूर्वीच्या उबदार काळात तिथलं तापमान आजच्या सहस्रकापेक्षा अंदाजे ८ अंशांनी जास्त होतं, असं ‘नीम’च्या गाभ्याने सांगितलं (चार अंश इकडेतिकडे धरा). तरी ग्रीनलंडचं तिथलं बर्फ काही शे मीटरनेच पातळ झालं होतं. समुद्र मात्र आजच्यापेक्षा कित्येक मीटर वर होता. मग बाकीचं पाणी आलं कुठून? बोट अंटार्क्टिकाकडे जातं. मुंबई, रत्नागिरी किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. गोव्यात वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातही उणे २० अंशांच्या खोलीत असे गाभे तपासले जातात.

थोडक्यात, इथे शास्त्र आणि यंत्र वेगळं काढताच येत नाही. ड्रिल जिथे थांबतं, तिथेच आपलं ज्ञानही थांबतं. आता तुमचे प्रश्न घेऊ.