नकाशाने फेरफाराचे किती ऐकावे?

अहमदपूर तालुक्यातल्या जमिनीच्या कुठल्याही गटाच्या सरकारदरबारी दोन नोंदी असतात. सातबाऱ्यावर खातेदार, हेक्टर-आर आणि पीक; हे दप्तर महसूल खात्याचे. गावनकाशावर गटाचा आकार. तो भूमी अभिलेख खात्याचा. भावाभावांत वाटणी होऊन फेरफार मंजूर झाला की सातबारा बदलतो, पण पोटहिश्शाची मोजणी होईपर्यंत नकाशा जिथल्या तिथे राहतो. आता दोन्ही दप्तरे संगणकावर आली आहेत. अशा वेळी भूमाहितीचे सॉफ्टवेअर बांधताना डिझाइन पॅटर्न कसे निवडावेत? माझ्या मते कोणती नोंद कोणाच्या अधिकारात बदलते, हे आधी ठरवावे. पॅटर्न त्यातून आपोआप सुचतो.

पॅटर्न, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या अडचणीवरचा ठरावीक तोडगा, ही कल्पना मुळात वास्तुरचनेतली. ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये असे २५३ पॅटर्न ग्रंथरूपात मांडले. १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस यांनी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअरसाठी २३ पॅटर्न नोंदवले. नकाशाच्या कामात त्यांतले काही चपखल बसतात. गट आणि त्याचे पोटहिस्से यांना एकाच पद्धतीने क्षेत्र विचारता यावे, यासाठी ‘कंपोझिट’. अक्षांश-रेखांशांवरून मीटरमधले स्थान काढण्याची रीत बदलती ठेवण्यासाठी ‘स्ट्रॅटेजी’. कारण पृथ्वीचे पट्टे पाडून स्थान मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीत अहमदपूर ४३व्या पट्ट्यात येते, तर नागपूर ४४व्या. एकच सूत्र गटाच्या क्लासमध्ये कायमचे कोंबले, तर पूर्व विदर्भात पोचताच ते चुकते.

खरी कसोटी ‘ऑब्झर्व्हर’ची. एक ऑब्जेक्ट बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना खबर देणारा हा पॅटर्न. फेरफार होताच नकाशात आपोआप रेघ ओढावी, हा मोह इथे होतो. पण फेरफार हक्क सांगतो. बांध कुठून जातो, हे भूकरमापकच ठरवतो. म्हणून खबर मिळाल्यावर नकाशाने स्वतःला बदलू नये. ‘मोजणी बाकी’ एवढी खूण करून थांबावे. गटाच्या ऑब्जेक्टमध्ये नोंदलेले आणि मोजलेले क्षेत्र वेगवेगळे ठेवावे, म्हणजे तफावत झाकली न जाता दिसते. उलट, ई-पीक पाहणीत शेतकरी पिकाची स्वतः केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करू शकतो. तिथे बदलाचा अधिकार त्याचाच, म्हणून प्रत्येक कृती मागे घेता येईल अशी जपणारा ‘कमांड’ शोभतो.

यावर पहिला आक्षेप तंत्रज्ञांचा. पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्येच दाखवले, की २३पैकी १६ पॅटर्न लवचीक प्रोग्रॅमिंग-भाषांत सोपे होतात किंवा दिसेनासे होतात. शिवाय पोस्टजीआयएसची जोड असलेला डेटाबेस क्षेत्र आणि छेद स्वतःच काढतो. हे मान्य. मात्र भाषा बदलली तरी ‘खबर मिळाल्यावर काय करायचे’ हा निर्णय उरतोच, आणि डेटाबेसमधला ट्रिगर, म्हणजे बदल होताच आपोआप चालणारी आज्ञा, चुकीची रेघ तितक्याच तत्परतेने ओढेल. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: दुखणे मोजणीच्या रखडपट्टीचे आहे, क्लासच्या रचनेचे नाही. खरेच, कुठलाही पॅटर्न शेतात साखळी धरत नाही. परंतु कोणत्या गावात किती फेरफार नकाशाविना पडून आहेत, हे सॉफ्टवेअर सांगू शकले, तर मोजणीचा क्रम तरी शहाणपणाने लावता येईल. त्यासाठी रचनेच्या पहिल्याच बैठकीला सातबारा सांभाळणारा तलाठी आणि भूकरमापक दोघेही हवेत. क्लासची आकृती त्यानंतर काढावी.