एका लालसर पेशीचा बदललेला अर्थ

एंडोस्कोपीच्या दुर्बिणीतून अन्ननलिकेच्या अस्तराचे तुकडे घेणे सोपे होत गेले, तरी त्यांत दिसणारा दाह जठरातून वर येणाऱ्या आम्लामुळेच होतो, ही समजूत दीर्घकाळ टिकून राहिली. तिला आधारही होता. आम्लाच्या सततच्या माऱ्याने अस्तराचा तळथर जाड होतो, हे १९७० मध्ये इस्माईल-बेगी आणि सहकाऱ्यांनी दाखवले होते. पुढे १९८२ मध्ये हारलंड विंटर आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या अस्तरातील इओसिनोफिल, म्हणजे इओसिन या रंगद्रव्याने लालसर रंगणाऱ्या आणि अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हीसुद्धा आम्लदाहाचीच खूण ठरवली.

या निष्कर्षाला १९९३ मध्ये स्टीफन अ‍ॅटवुड आणि सहकाऱ्यांनी तडा दिला. घास अडकण्याची तक्रार असलेल्या १२ रुग्णांच्या अस्तरात या पेशींची दाटी होती, मात्र बहुतेकांच्या अन्ननलिकेतील आम्ल मोजले असता ते सामान्य आढळले. दोन वर्षांनी केली नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी आम्लाच्या उपचारांना न जुमानणाऱ्या १० मुलांना नेहमीच्या प्रथिनांऐवजी अमायनो आम्लांचा आहार दिला, तेव्हा त्यांची लक्षणे ओसरली आणि अस्तरातील इओसिनोफिलही घटले. आजाराचे मूळ अन्नातील प्रथिनांत असू शकते, याचा इतका थेट पुरावा त्याआधी मिळाला नव्हता, आणि या साऱ्या वाटचालीत हाच टप्पा सर्वांत मोलाचा मानावा लागेल. सूक्ष्मदर्शकाच्या एका उच्च-वर्धन क्षेत्रात किमान १५ इओसिनोफिल, ही या इओसिनोफिलप्रधान दाहाच्या निदानाची मर्यादा २००७ मध्ये ठरली. आम्लरोधक औषधाचा उपयोग न झाल्याशिवाय हे निदान करू नये, ही तेव्हाची अट २०१८ मध्ये वगळण्यात आली.

दरम्यान २००६ मध्ये कार्लोस रुबियो आणि सहकाऱ्यांनी लिम्फोसाइट पेशींचे प्राबल्य असलेला दाह वेगळा नोंदवला. तो स्वतंत्र आजार आहे की अनेक आजारांत दिसणारी एक ठेवण, हा वाद मिटलेला नाही.

विषाणूंमुळे होणाऱ्या दाहाच्या बाबतीत तुकडा नेमका कुठला, यालाच महत्त्व असते, कारण हर्पिसच्या खुणा व्रणाच्या कडेवरील अस्तरपेशींत सापडतात, तर सायटोमेगॅलो विषाणूच्या खुणा व्रणाच्या तळाशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आणि आधारऊतकात. इओसिनोफिल मात्र अन्ननलिकेत सर्वत्र सारखे पसरलेले नसतात आणि दुर्बिणीला निरोगी भासणाऱ्या अस्तरातही ते असू शकतात. म्हणून घास अडकत असल्यास अस्तर कसेही दिसो, वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा तुकडे घ्यावेत आणि त्यांच्यासोबतच्या कागदावर रुग्णाची लक्षणे व चालू औषधे न चुकता लिहावीत.