तिसऱ्या चाकावरचा आळ

तीन चाकांच्या स्वस्त मोटारीचा विषय कोल्हापुरात काढून बघा. पहिलं उत्तर ठरलेलं: "पलटी हुतंय की ते!" दुसरं, "रिक्षाच घ्या की मग." दोन्ही उत्तरांत थोडं तथ्य आहे, पण बाकीचा गैरसमजच जास्त.

गैरसमज: आपल्याकडे असलं काही कधी झालंच नाही.

झालं, आणि अगदी शेजारी झालं. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 1949 मध्ये 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना रस्त्यावर आणला. पुढे वीसेक वर्षं ते तिच्यात सुधारणा करत राहिले. किंमत साधारण 12,000 रुपये धरली होती. मीरा चार चाकांची होती. तीन चाकांचा प्रयोग बंगळूरच्या सनराइज कंपनीने सत्तरच्या दशकात केला, त्या गाडीचं नाव 'बादल'. पुढे एक चाक, मागे दोन, अंग फायबरचं आणि मागच्या बाजूला 198 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन. ती फार खपली नाही. पुढे त्याच मंडळींनी सिपानी नावाने 'डॉल्फिन' काढली. ती इंग्लंडच्या रिलायंट कंपनीच्या 'किटन'वरून घेतलेली, म्हणजे तिथल्या तीनचाकी 'रॉबिन'ची चारचाकी बहीण. तीन चाकांवरून चारवर यायला त्यांना दहा वर्षंही लागली नाहीत.

गैरसमज: स्वस्त केली की खपतेच.

तसं असतं तर टाटांची नॅनो दारोदार दिसली असती. 2009 मध्ये लाखाची गाडी म्हणून आली आणि 2018 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का चुकला, हे रतन टाटांनीच नंतर मान्य केलं. रॉबिन इंग्लंडात खपली त्याचं कारण वेगळं: ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता यायची आणि रस्ताकरही कमी पडायचा. आपल्याकडे तसली सवलत नाही. मग गिऱ्हाईक बघतो ते रूप. गाडी दारात उभी राहिली की शेजारी काय म्हणेल, हा हिशेब हप्त्याच्याही आधी होतो. बजाजची क्यूट 2019 मध्ये खासगी वापरासाठी मिळू लागली, पण चार चाकं असूनही अनेकांच्या नजरेत ती रिक्षाच राहिली.

गैरसमज: गरिबाच्या गाडीला दिसण्याचं काय एवढं?

हा कारखानदारांचा गैरसमज, आणि माझ्या मते सगळ्यांत महागडा. इथला रिक्षावाला आरसे, पडदे, सीटची कव्हरं आणि रंगकामावर हौसेने पैसे घालतो. त्याने मायलेज एका थेंबानेही वाढत नाही, हे त्याला कुणी सांगायला नको. सत्तरच्या दशकात इंग्लंडातली भडक नारिंगी, पाचरीसारखी तीनचाकी 'बाँड बग' लक्षात राहिली ती चाकांमुळे कमी, ऐटीमुळे जास्त.

गैरसमज: चाक कमी म्हणजे मायलेज जास्त.

खरा फायदा हलक्या वजनाचा. पुढे दोन चाकं ठेवून मागे निमुळती केलेली गाडी हवा चांगली कापते, पण तो लाभ महामार्गाच्या वेगाला. दसरा चौकातल्या गर्दीत त्याचा उपयोग शून्य. शिवाय चारचाकीला खड्डा दोन चाकांच्या मधून काढता येतो. तीनचाकीचं एकटं चाक नेमकं त्यातच उतरतं.

गैरसमज: तीन चाकं म्हणजे पलटी नक्की.

इथे सगळा प्रश्न एकटं चाक कुठे आहे याचा आहे. ते पुढे असेल आणि वळणावर ब्रेक दाबला, तर भार पुढे व बाहेर सरकतो आणि तिथे टेकायला कोपऱ्यात चाकच नसतं. रिक्षाची आणि बादलची रचना हीच. पुढे दोन, मागे एक असेल तर तोच भार रुंद बाजूवर येतो. अशा गाडीत वजन पुढे आणि खाली ठेवलं, तर ती वळणाला बऱ्यापैकी घट्ट बसते. इंग्लंडात मॉर्गन कंपनीने अशा वेगवान गाड्या शंभर वर्षांपूर्वी विकल्या. 'टॉप गिअर' या टीव्ही कार्यक्रमात कोलांट्या खाणारी रॉबिन पाहून ज्यांनी मत बनवलं, त्यांच्यासाठी एक माहिती: ती उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये फेरफार केले होते, हे खुद्द जेरेमी क्लार्कसनने 2016 मध्ये सांगितलं.

तेव्हा पुन्हा कुणी अशी गाडी बाजारात आणलीच, तर जाहिरातीतलं मायलेज नंतर वाचा. आधी एकटं चाक कोणत्या टोकाला आहे ते बघा, आणि पन्हाळ्याच्या वळणावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.