माठ, मे महिना आणि तीन किलोमीटर

दोस्तांनो, एक मे म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? झेंडावंदन? निकालाचा दिवस? मला आठवतो एक रांजण! ओल्या फडक्यात गुंडाळलेला, पाणपोईवरचा.

गोष्ट १९८६ सालची. मी आठवीची परीक्षा देऊन नुकताच मोकळा झालो होतो. आमचं गाव अकोला जिल्ह्यात. सुट्टीला रत्नागिरीहून माझा मावसभाऊ आला होता. माझ्याच वयाचा, पण पळण्यात माझ्याहून चपळ. गावात दर महाराष्ट्र दिनाला मुलांची रोड रेस व्हायची. अंतर तीनच किलोमीटर. बसस्टँडवरून निघायचं, जिनिंग फॅक्टरीला वळसा घालायचा आणि शाळेच्या मैदानात परत यायचं. पहिल्या तिघांना कप. आम्ही दोघांनीही नावं दिली.

"तुमच्याकडचं ऊन बरं आहे रे," भाऊ म्हणायचा. "आमच्याकडे नुसतं बसून राहिलं तरी घामाच्या धारा. इथे घामच येत नाही!"

मलाही ते पटलं. घाम नाही म्हणजे त्रास नाही. इथेच आम्ही फसलो!

शर्यत सकाळी सातला होती. पण पाहुणे उशिरा आले, मग हार झाले, भाषणं झाली. शिट्टी वाजली तेव्हा साडेनऊ झाले होते. डांबर तापायला लागलं होतं. आमच्या पोटात फक्त सकाळचा चहा. 'पाणी पिऊन पळालं की पोटात दुखतं' असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून पाण्याचा एक थेंबही घेतला नव्हता.

आणि पळालो कसे? सुसाट! पहिला किलोमीटर म्हणजे जणू शंभर मीटरची शर्यत. जिनिंगला वळलो तेव्हा भाऊ दुसरा आणि मी चौथा. मग माझ्या पुढचा मुलगा पोट धरून बसला. मी तिसरा झालो. कप दिसायला लागला!

तेवढ्यात पुढे पळणारा भाऊ रस्त्याच्या कडेला कलायला लागला. मी त्याला गाठलं आणि विचारलं, "काय रे, काय होतंय?" तो म्हणाला, "बस सुटेल ना." कसली बस? त्याचे डोळे भलतीकडेच होते, आणि एवढ्या उन्हात हातांवर काटा आला होता.

खरं सांगू? मी थांबलो नाही. दहा पावलं पुढे गेलो. मैदान समोर दिसत होतं, मी दुसरा होतो. मग मागे धप्प आवाज आला आणि मी वळलो.

समोरच पाणपोई होती. तिथली आजी आणि मी मिळून त्याला सावलीत ओढलं. मी तांब्या त्याच्या तोंडाला लावणार, तर आजीने माझा हात धरला. "आत्ता पाजू नको, ठसका लागंल. आधी अंगावर टाक!" डोकं, मान, काखा, सगळं भिजवलं. आजी पदराने वारा घालत होती. एक काका सायकलवरून डॉक्टरांना घेऊन आले. हळूहळू भावाने माझं नाव घेतलं, तेव्हा मला रडूच फुटलं.

नंतर आजीने रांजणाकडे बोट दाखवलं. "हे ओलं फडकं कायले गुंडायलं, सांग बरं?"

त्या एका प्रश्नात सगळं विज्ञान होतं! पळताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग उष्णता बनतो. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर ३७ अंशांचं शरीर भराभर तापतं. हवा थंड असेल तर ती थोडी उष्णता वाहून नेते. पण हवाच कातडीपेक्षा गरम असेल तर? मग उरतो फक्त घाम. माठातून पाझरलेलं पाणी वाळताना माठाची उष्णता घेऊन जातं, तसाच घाम वाळताना आपली उष्णता घेऊन जातो. लक्षात घ्या, घाम वाळायला हवा. नुसता टपटप गळून गेला तर गारवा नाही.

म्हणून रत्नागिरीच्या दमट हवेत घाम दिसतो, पण वाळत नाही. आणि अकोल्याच्या कोरड्या हवेत तो इतका पटकन वाळतो की दिसतच नाही! भावाला घाम येत होता, भरपूर येत होता. अंगातलं पाणी गुपचूप संपत होतं, एवढंच.

हे फक्त आपल्यासारख्या कच्च्या गड्यांनाच होतं असं समजू नका हं. २०१९ साली दोहा इथे जागतिक स्पर्धेतली महिलांची मॅरेथॉन उन्हाच्या भीतीने चक्क मध्यरात्री सुरू केली. तरी ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोचल्या. आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उकाड्यामुळे सुमारे आठशे किलोमीटर उत्तरेला, सप्पोरोला नेली. तिथेही महिलांची शर्यत तासभर अलीकडे, सकाळी सहाला घेतली. ऑलिंपिकवाले वेळ बदलू शकतात, तर आपल्या गल्लीतल्या शर्यतीला काय हरकत आहे? आईबाबांनो, शर्यत नऊनंतर सुटणार असेल तर 'नको' म्हणायला संकोच करू नका.

तुम्हांला सुट्टीत पळायचंय ना? जरूर पळा! पण दुसऱ्या गावाहून आला असाल तर आठ-दहा दिवस थोडं थोडं पळून अंगाला तिथल्या उन्हाची सवय होऊ द्या. आदल्या दिवसापासून पाणी प्या, पळून आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबाचं सरबत किंवा पन्हं घ्या. सुती, सैल कपडे घाला. सुरुवात मुद्दाम हळू करा. चक्कर, मळमळ, उन्हात अंगावर शहारे यांपैकी काहीही झालं की थांबा आणि सावली गाठा. सोबतीचा असंबद्ध बोलायला लागला, तर अंगावर पाणी ओता, वारा घाला, आणि मोठ्या माणसांना हाक मारून लगेच दवाखान्यात न्या.

आम्हांला कप मिळाला नाही. भाऊ दोन दिवसांत ठणठणीत झाला आणि त्याने आंबेही माझ्यापेक्षा जास्त खाल्ले! ती दहा पावलं मात्र मी त्याला कधी सांगितली नव्हती. आज तुम्हांला सांगतोय. तुमच्यावर तशी वेळ आली, तर पहिल्याच पावलाला वळा.