गाडी एका रात्रीत बदलते तेव्हा : इलेक्ट्रिक गाड्यांचे अपडेट, गुप्त चाचण्या आणि कुजबुज

पेट्रोलची गाडी बिघडली की आपण बॉनेट उघडतो, निदान उघडून बघितल्यासारखं तरी करतो. इलेक्ट्रिक गाडीत उघडून बघण्यासारखं फार काही नसतं. बॅटरी किती भरायची, किती वेगानं भरायची, किती तापली की थांबवायची, हे सगळं सॉफ्टवेअर ठरवतं. पेडलवरचा पाय उचलला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, वीज बॅटरीत परत जाते आणि गाडी ओढून धरल्यासारखी हळू होते. ती ओढ किती असावी, हेही सॉफ्टवेअरच ठरवतं. माथेरानचा घाट उतरून नेरळला येताना या ओढीची किंमत कळते. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल तर ओढ कमी मिळते, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. घाटावर मुक्काम करून, फुल चार्ज करून उतरणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं.

आता हे सॉफ्टवेअर मोबाइलसारखं हवेतून बदलता येतं. रात्री गाडी उभी असते, सकाळी तिचं वागणं वेगळं असतं. हे किती खोलवर जाऊ शकतं त्याचं एक उदाहरण बघा. मे 2018 मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक संस्थेनं टेस्लाच्या मॉडेल थ्रीची चाचणी घेतली. ताशी 60 मैल वेगावरून थांबायला गाडीला 152 फूट लागले. बातमी झाली, कंपनीनं काही दिवसांत अपडेट पाठवलं आणि तीच गाडी 133 फुटांत थांबली. कोणी पाना हातात घेतला नाही. जवळजवळ सहा मीटर कमी झाले. आम्हाला हे ऐकून आनंद होतो आणि थोडी भीतीही वाटते. जे दुरून सुधारता येतं ते दुरून बिघडवताही येतं की!

म्हणून कोणतीही शहाणी कंपनी नवं अपडेट सगळ्यांना एकदम देत नाही. आधी कंपनीतल्या गाड्या, मग निवडक ग्राहक, मग थोडे आणखी, मग सगळे. मधल्या टप्प्याला ‘बीटा’ म्हणतात. आपल्याकडे ओलाच्या स्कूटरचं उदाहरण आहे. डिसेंबर 2021 मध्ये स्कूटर ग्राहकांच्या हातात पडायला लागली, पण क्रूझ कंट्रोल आणि नकाशा या गोष्टी ‘मूव्ह ओएस 2’ या अपडेटबरोबर सगळ्यांपर्यंत पोचल्या जून 2022 मध्ये. म्हणजे वस्तू आधी आली, तिचे गुण मागाहून. साहजिकच मधल्या महिन्यांत प्रत्येक मालक ज्योतिषी होतो.

ही कुजबुज का होते, ते नीट समजून घेऊ. तुमच्या गाडीला अपडेट आलं, शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलला आलं नाही. कारण बहुतेक वेळा साधं असतं : टप्प्याटप्प्यानं वाटप चालू असतं, किंवा दोन गाड्यांतला एखादा सुटा भाग वेगळा असतो. पण कंपनी हे सांगत नाही. मग व्हॉट्सॲपवर स्क्रीनचे फोटो फिरतात, आवृत्तीच्या आकड्यांचे अर्थ लावले जातात, ‘आतल्या माणसानं’ सांगितलेलं कानोकानी जातं. सगळ्यात जास्त फिरणारी अफवा एकच : अपडेटनंतर रेंज कमी केली.

आता, पडद्यावर दिसणारी रेंज हा अंदाज असतो. पेट्रोलच्या टाकीत काटा तरंगत्या गोळ्यावर चालतो, बॅटरीत तसं काही नाही. व्होल्टेज, करंट, तापमान आणि मागचं ड्रायव्हिंग यांवरून गणित मांडलं जातं. गणित बदललं की आकडा बदलतो, बॅटरी होती तशीच असते. म्हणून 20 किलोमीटर कमी दिसले की लगेच लुबाडलं म्हणणं घाईचं आहे.

पण कुजबुज दर वेळी खोटी नसते. वसंत 2019 मध्ये शांघाय आणि हाँगकाँगमध्ये टेस्लाच्या उभ्या मॉडेल एस गाड्यांनी पेट घेतला. मे महिन्यात कंपनीनं चार्जिंग आणि तापमानाचं नियंत्रण बदलणारं अपडेट पाठवलं, सावधगिरी म्हणून. त्यानंतर काही जुन्या गाड्यांचे मालक म्हणू लागले की आमची बॅटरी आता पूर्वीइतकी भरतच नाही. त्यांना भ्रम झालेला नव्हता. त्या गाड्यांत चार्जिंगची वरची मर्यादा खरोखरच खाली आणली होती. प्रकरण कोर्टात गेलं आणि 2021 मध्ये तडजोड झाली : 1,743 गाड्या, एकूण 15 लाख डॉलर, मालकामागे साधारण 625 डॉलर. आमचं मत असं की सुरक्षिततेसाठी मर्यादा आणली असेल तर बहुतेक मालकांनी ती मान्यही केली असती. राग आकड्याचा कमी होता, न सांगितल्याचा जास्त.

याच्या पुढची पायरी म्हणजे स्वयंचलित ड्रायव्हिंग. टेस्लानं ऑक्टोबर 2020 मध्ये ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’ची बीटा आवृत्ती मोजक्या ग्राहकांना दिली. त्यांच्याकडून गोपनीयतेचा करारही घेतला जात होता. रस्ता सार्वजनिक, समोरून येणारा सायकलवाला सार्वजनिक, फक्त चूक मात्र खाजगी! गंमत म्हणजे सप्टेंबर 2021 मध्ये खुद्द इलॉन मस्क जाहीर कार्यक्रमात म्हणाले की लोक तो करार फारसा पाळत नाहीत आणि बहुधा त्याची गरजही नाही. पुढच्याच महिन्यात अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेनं कंपनीकडे याच कराराबद्दल लेखी विचारणा केली. मुद्दा सरळ होता : दोष दिसला तर ग्राहकानं सरकारला सांगायचं की नाही?

त्याच महिन्याच्या अखेरीस 10.3 ही आवृत्ती आली. गाड्या समोर काही नसताना धडकेचा इशारा देऊ लागल्या, काही ठिकाणी आपोआप ब्रेक लागले. कंपनीनं काही तासांत ती मागे घेतली आणि नंतर 11,704 गाड्यांचं रिकॉल नोंदवलं. फेब्रुवारी 2023 मध्ये याच प्रणालीसाठी 3,62,758 गाड्यांचं रिकॉल झालं. ‘रिकॉल’ म्हणजे गाडी परत बोलावणं, पण एकही गाडी कुठे गेली नाही. उपाय पुन्हा अपडेटच.

हे दूरचं वाटत असेल तर सांगतो, जुलै 2025 मध्ये टेस्लाचं शोरूम मुंबईत बीकेसीला उघडलं, तेव्हा याच सोयीसाठी वेगळे 6 लाख रुपये देण्याचा पर्याय यादीत होता. सोय मात्र भविष्यात मिळणार होती.

सगळंच उघडं करावं असं आम्ही म्हणत नाही. चाकण-पुण्याच्या रस्त्यांवर काळ्यापांढऱ्या नक्षीत गुंडाळलेल्या गाड्या फिरतात, त्यांचे चोरून काढलेले फोटो छापून येतात. प्रतिस्पर्ध्याला दिव्याचा आकार आधी कळू नये, हे समजण्यासारखं आहे. दिवा कसा दिसतो यानं कोणाचा जीव जात नाही. ब्रेक, बॅटरी आणि स्टिअरिंगची गोष्ट वेगळी.

आणि चाचणी उघड्यावर करता येते, हे आपल्या शेजारीच घडलं आहे. माथेरानमध्ये डिसेंबर 2022 मध्ये ई-रिक्षा सुरू झाल्या त्या प्रायोगिक तत्त्वावरच, सुप्रीम कोर्टाच्या परवानगीनं. ही चाचणी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर भांडणं झाली, बाजूनं बोललं गेलं, विरोधात बोललं गेलं, सगळं कोर्टापुढे गेलं. ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टानं माणसानं ओढायच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. वेळ लागला, पण कोणाला ‘आतल्या माणसा’ची गरज पडली नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत 2020 मध्ये ‘आर 156’ हा नियम मंजूर झाला. अपडेट कशासाठी आहे, काय बदलणार, किती वेळ लागेल, हे मालकाला सांगायचं आणि मध्येच अडकलं तर गाडी सुरक्षित अवस्थेत राहिली पाहिजे, असं तो सांगतो. आपल्याकडे त्याच धर्तीवर एआयएस-190 हे मानक तयार झालं आहे.

तोवर घरच्या घरी काय करता येईल? मीटर वाचा. चार्जरवर गेलेली युनिटं आणि ओडोमीटरचे किलोमीटर वहीत लिहा. समजा 20 युनिटांत 150 किलोमीटर झाले, तर युनिटला साडेसात. अपडेटनंतर महिनाभर हाच हिशेब ठेवा. युनिटला साडेसातच येत असतील आणि तरी पडद्यावरची रेंज घटली असेल, तर एकदा शून्याजवळून शंभरपर्यंत चार्ज करून किती युनिटं जातात ते बघा. पूर्वीपेक्षा ती बरीच कमी भरली, तर सर्व्हिस सेंटरला विचारायला तुमच्या हातात काहीतरी आहे. पहाटे प्रवासाला निघायचं असेल तर आदल्या रात्री अपडेट लावू नका, आणि लावण्याआधी पडद्यावरची सूचना वाचा, फोटो काढून ठेवा.

एक चिठ्ठी आली आहे : नवं आवडलं नाही तर जुनी आवृत्ती परत मिळते का? मालकाला स्वतःला सहसा नाही. जुन्या आवृत्तीत सुरक्षेच्या त्रुटी असू शकतात, म्हणून कंपन्या ती वाट बंद ठेवतात. तक्रार लेखी द्या, आवृत्तीचा आकडा आणि तारीख घाला, पोच घ्या.