ह्युएला जाताय? मग हे वाचा

व्हिएतनामच्या न्गुयेन घराण्याची ही राजधानी (१८०२ ते १९४५) एका दिवसात उरकू नका. दा नांगहून रेल्वेने या आणि उजवीकडची खिडकी पकडा. हाय वान घाटात खाली थेट समुद्र दिसतो! ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे धो धो पाऊस पडतो, ते महिने टाळाच.

राजवाड्यात सकाळी लवकर शिरा, दुपारी सावली फारशी मिळत नाही. राजांच्या समाध्या शहराबाहेर विखुरलेल्या आहेत, त्यामुळे गाडी ठरवलेली बरी. वेळ कमी असेल तर खाई दिन्हची समाधी बघाच. बाहेरून काळपट, आत मात्र भिंतीभर चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांची फुलं, पक्षी, झाडं. अगदी जवळ जाऊन बघा, एकेक पाकळी वेगळ्या तुकड्याची आहे. शाकाहारी मंडळींनो, बौद्ध परंपरेमुळे इथे तुमचे हाल होणार नाहीत.